‘कळवू नये’ या चौकटीतली खूण

चौदा मार्च, सकाळचे पावणेअकरा. इंदूरच्या पलासियातल्या एका न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्याची मागची खोली. प्रत्येकी पंधराशे रुपये, दोघांचे मिळून तीन हजार, रोख. हजर होते: माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मी, माझी बायको, डॉक्टर, आणि ज्यांच्या संशोधनासाठी आम्ही दोघा भावांनी दंडाच्या कातडीचा मसुरीएवढा तुकडा दिला त्या संशोधक बाई. त्या साताऱ्याकडच्या, तीन वर्षांपासून इंदूरच्या एका संस्थेत नोकरीला. वयाने माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या आम्हाला काका म्हणत, आम्ही त्यांना मॅडम.

पैसे येण्याजाण्याच्या खर्चाचे होते. मी म्हटलं, बड़ा गणपतीहून इथवर रिक्षाचे एकशे ऐंशी झाले, तेही तिघांचे मिळून. मॅडम म्हणाल्या, “काका, दिवस मोडला त्याचेही आहेत त्यात. ठेवा.” मी ठेवले, पण व्हाउचरची प्रत मागितली.

“प्रत कोणी मागत नाही हो.”

“मी मागतो.”

मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर तीस वर्षं काढली आहेत. कशाबद्दल आले हे लिहिलेलं नसेल तर तो पैसा मी घरात आणत नाही. दादा खुर्चीत बसून हसत इंदुरी थाटात डॉक्टरांना म्हणाला, “भिया, हा वर गेला तरी आधी पावती फाडायला लावेल, मग आत जाईल.”

मॅडमनी झेरॉक्स दिली. शीर्षक होतं: ‘निरोगी नातेवाईक गट, एकवेळ भत्ता.’ दादाच्या व्हाउचरवर ‘रुग्ण गट’ होतं. मी दोन्ही फाइलला लावली.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याची चाल बिघडली. आधी जिना उतरताना भिंत धरू लागला, मग सपाट रस्त्यावरही पाय फाकवून चालू लागला, मग बोलणं जड झालं. वहिनी त्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नाही, म्हणून तो आमच्याकडे खालच्या खोलीत राहायला आला. आमच्या वडिलांचंही असंच झालं होतं. ते कोर्टात कारकून होते. आमच्या घराण्यात संस्थानाच्या काळापासून सगळे कारकूनच. पन्नाशीनंतर ते रस्त्याने झोकांड्या खात येत, तेव्हा पानवाल्याच्या टपरीवरून कोणीतरी हमखास म्हणे, “आज बाबूजी जल्दी शुरू हो गए.” वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आईने त्यांना काठी घेऊन दिली. आधाराचं राहू द्या, निदान लोकांना आजारी माणूस दिसावा म्हणून.

वडिलांच्या वेळी कोणी नाव सांगितलं नाही. वाताचा विकार म्हणून तेलं लावली. दादाचं निदान झालं ते माझ्या मुलीच्या लग्नानंतर सात महिन्यांनी. आनुवंशिक अटॅक्सिया. चालताना तोल सांभाळणारा मेंदूचा भाग हळूहळू झिजतो. औषध नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता अर्धी.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि नीट चालत होतो. पण एक्कावन्न म्हणजे सुटलो असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कोणाला चाळिशीत होतो, कोणाला साठीत.

संशोधनाचं माहितीपत्रक चौदा पानांचं होतं, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. मी ते घरी आणून दोन संध्याकाळी वाचलं. अकराव्या पानावर हिंदीत नमुने दहा वर्षं ठेवणार असं होतं आणि इंग्रजीत पंधरा. ते मी मॅडमना दाखवलं, त्यांनी दुरुस्त करून घेतलं. शेवटच्या पानावर दोन चौकटी होत्या. माझ्या नमुन्याची जनुकीय तपासणी होईल. तिचा निकाल मला ‘कळवावा’ किंवा ‘कळवू नये’.

या दोन चौकटींवर मी आठवडा घालवला. माझी मुलगी पुण्याला असते, लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती, आणि मूल हवं म्हणून त्यांचं बोलणं चाललं होतं. मला माहीत नसेल तर माझी शक्यता अर्धी आणि तिची पाव. मला कळलं आणि आहे असं निघालं, तर तिची अर्धी होते. मग तिला सांगावं लागेल, आणि ती मूल होऊ द्यायचं की नाही यात अडकेल. कळलं आणि सांगितलं नाही, तर मी मुलीला फसवणारा बाप. न कळल्यास मी काही लपवत नाही. पाव म्हणजे चारातले तीन तिच्या बाजूने. मी ‘कळवू नये’वर खूण केली आणि बायकोला हे सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, “अहो, पण तिला हवं असेल तर?”

“तिला दादाचं माहीत आहे. विचारेल तेव्हा बघू.”

मुलीने फोनवर विचारलं होतं, एकदाच. “बाबा, तुम्ही ठीक ना?” मी म्हणालो, “एकदम ठीक.” त्या ‘एकदम’ला माझ्याकडे काहीच आधार नव्हता, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतरच्या महिन्यांत मॅडम दादाला बघायला दोन-तीनदा घरी आल्या. बायको त्यांना पोहे करी. एकदा त्यांनी लॅपटॉपवर दादाच्या पेशी दाखवल्या. कातडीच्या पेशी बशीत वाढवतात, मग रसायनं देऊन त्यांना अगदी सुरुवातीच्या अवस्थेला नेतात, आणि तिथून त्यांच्या मज्जापेशी तयार करतात. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, म्हणून हा लांबचा रस्ता. एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत बावीस-तेवीस वेळा. दादात एकोणचाळीस वेळा. त्यामुळे त्या जनुकावरून बनणारं प्रथिन नीट घडत नाही, चिकटून त्याचे गोळे होतात. पेशीची साफसफाईची स्वतःची व्यवस्था असते. ती हे गोळे का उचलत नाही, हे मॅडम शोधत होत्या.

दादा स्क्रीनवरचे हिरवे ठिपके बघत राहिला. मग जड जिभेने म्हणाला, “म्हणजे बघा मॅडम, अख्ख्या शहरात रोज सकाळी गाडी येते. ओला वेगळा, सुका वेगळा. एक केळीचं साल रस्त्यावर दिसत नाही. आणि माझ्या डोक्यातलाच कचरा उठत नाही म्हणता! नगर निगमला तक्रार टाका.”

“गाडी येते काका,” मॅडम हसल्या. “कुठल्या गल्लीत अडते ते बघून राहिलोय.”

“ऐक, मॅडम इंदुरी झाल्या!” दादा मला म्हणाला. “‘बघून राहिलोय’ म्हणतात.”

सगळे हसलो. माझ्या पेशी कशा आहेत हे मी विचारलं नाही आणि त्यांनी दाखवल्या नाहीत. मला ते योग्य वाटलं. मी त्या बाईंना घरातलं मानत होतो.

पुढच्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला, दोघांनी यायचं आहे. बायको आली नाही, तिचा उपास होता. पलासियात तीच खोली, तेच डॉक्टर. दोघांचं रक्त घेतलं. दादाला धरून चार पावलं चालवलं. मला फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं, मग डोळे मिटून उभं राहायला, मग बोटाने डॉक्टरांचं बोट आणि माझं नाक आळीपाळीने शिवायला. डॉक्टर लिहीत होते. मग मॅडमनी दोघांना पाकिटं दिली. प्रत्येकी दोन हजार दोनशे. मी प्रत मागितली. त्यांनी हसत झेरॉक्स काढली, कारण आता त्यांना माझी सवय माहीत होती.

शीर्षक होतं: ‘वार्षिक पाठपुरावा भत्ता’. दादाच्या व्हाउचरवरही तेच.

माहितीपत्रकाचं नववं पान मला पाठ होतं असं नाही, पण त्यात एक तक्ता होता आणि तक्ते माझ्या लक्षात राहतात. निरोगी नातेवाईक: भेट एक, भत्ता पंधराशे. जनुकातला बदल असलेल्या व्यक्ती, लक्षणं असोत वा नसोत: पहिल्या भेटीनंतर दरवर्षी भेट, भत्ता दोन हजार दोनशे.

मी म्हणालो, “मॅडम, निरोगी नातेवाइकाला एकदाच बोलावतात ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या व्हाउचर बुकाकडे. “काका, मी यावर काही बोलू शकत नाही.”

“बोलू नका. मी फक्त शीर्षक वाचतोय.”

“काका...” त्यांचे डोळे भरले. “ती चौदा पानं वाचलेले तुम्ही पहिलेच आहात.”

डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. समुपदेशकाला भेटा, मग हवं तर खूण बदला, असं सगळं रीतसर सांगितलं. ते चुकीचं काही बोलले नाहीत. पण मला राग आला होता. कळवू नका असं मी सही करून दिलं होतं, आणि त्यांनी मला ते माझ्याच टेबलावरच्या भाषेत कळवलं होतं. मी ते पाकीट परत ठेवलं नाही. ठेवलं असतं तर पुन्हा एक व्हाउचर झालं असतं.

रिक्षात मी म्हटलं, “दादा, मलाही आहे.” तो बाहेर बघत म्हणाला, “हं.” मला वाटलं, त्याला धक्का बसला असेल. माझ्या डोक्यात एकच होतं: पाव आता अर्धा झाला, आणि मुलीला आजच सांगायचं. मूल राहिलं असेल तर? तीन आठवडे तिच्याशी नीट बोलणं झालं नव्हतं. वर्षभर मी जे जाणून घेतलं नाही ते आता कळल्यावर तिच्यापासून लपवायचा मला हक्क नव्हता.

घरी बायको साबुदाण्यासाठी दाणे कुटत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं: व्हाउचर, तक्ता, मलाही आहे, मुलीला फोन करतो. ती ऐकत राहिली. खलबत्ता बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “आधी पाणी प्या. बसा.”

ती ‘म्हणजे काय’ म्हणाली नाही. ‘अगंबाई’ म्हणाली नाही. तीस वर्षांच्या संसारात तिला भाजीचे भाव वाढल्याचं सांगितलं तरी ती ‘अगंबाई’ म्हणते.

“तुला कळलं का मी काय सांगितलं?”

“कळलं.”

“कधी?”

उत्तर दादाने दिलं. तो दाराची चौकट धरून उभा होता. “गणपतीत.”

“गणपतीत काय?”

“पोरीने तपासणी केली पुण्याला. तिला आहे.”

तिला आहे म्हणजे मला आहेच. याला आकडेमोड लागत नाही. हा आजार पिढी ओलांडून उडी मारत नाही. तिच्यापर्यंत तो माझ्यातूनच जाऊ शकतो. मी वर्षभर पाव धरून चाललो होतो आणि या घरात सहा महिने पुरता एक माहीत होता.

हळूहळू सगळं निघालं. तपासणी करायची तर आधीच्या रुग्णाचा रिपोर्ट लागतो, म्हणून मुलीने दादाला फोन केला. दादाला मोबाईलवर फोटो काढता येत नाही, हात हलतो, म्हणून बायकोने काढून पाठवला. रिपोर्ट माझ्याच कपाटातल्या माझ्याच फाइलमधला. फोटो काढून झाल्यावर तिने तो जागच्या जागी लावून ठेवला. तपासणीची फी साडेनऊ हजार दादाने दिली, आपल्या पेन्शनमधून. मी पतसंस्थेत दुसऱ्यांचे हिशेब जुळवत होतो तेव्हा हे झालं.

मी दादाला म्हणालो, “मला एकाने तरी सांगायचं.”

“कसं सांगणार?” दादाला प्रत्येक शब्द ओढून काढावा लागतो, त्यामुळे त्याचं बोलणं तोडता येत नाही. “तू खूण केली होतीस ना? कळवू नये. चार माणसांना समजावलं होतंस का नको ते. आम्ही नाही कळवलं. तुझाच नियम पाळून राहिलो होतो, भाऊ.”

“नियम त्या संस्थेसाठी होता. घरासाठी नव्हता.”

“फॉर्मवर तसं लिहिलं नव्हतंस,” दादा म्हणाला.

बायको त्याला म्हणाली, “दादा, पुरे आता.” पण ती माझ्या बाजूने बोलत नव्हती, नुसतं भांडण थांबवत होती. त्या दोघांचं इतकं जमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला दिवाळी आठवली. मुलगी आणि जावई चार दिवस आले होते. पाडव्याला संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, चला लालबाग पॅलेसपर्यंत चालत जाऊ.” मी खूश झालो, कारण लग्नानंतर आम्ही असे दोघे कधी गेलो नव्हतो. वाटेत ती मागे राही. मी थांबून म्हणे, ये ना बरोबरीने. ती म्हणे, “चला तुम्ही, मी येते, सँडल चावतेय.” ती माझी पावलं बघत होती. अख्खी दिवाळी माझ्या घरातली माणसं माझी पावलं बघत होती, आणि मी फराळाची ताटं हातात घेऊन त्यांच्यामधून फिरत होतो.

मी फोन लावला. बायकोने आधीच मेसेज केला असणार, कारण मुलगी ‘हॅलो’ म्हणाली नाही.

“बाबा, रागावलात?”

“किती आहे तुझा आकडा?”

“बाबा.”

“किती?”

“एक्केचाळीस.”

मी कागदावर लिहिला. वर दादाचा एकोणचाळीस. “तुझ्या काकांपेक्षा दोन जास्त.”

“मला माहिती आहे ते. कौन्सेलरने सगळं सांगितलंय. बाबा, तुम्हाला सांगायचं माझ्या मनात रोज यायचं. पण तुम्हाला नको होतं ना? आई म्हणाली, त्यांनी आठवडाभर विचार करून नको म्हटलंय. मी कशी लादणार?”

“मी तुझ्यासाठी नको म्हटलं होतं.”

ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं बाबा, ठीक ना म्हणून. तुम्ही एकदम ठीक म्हणालात. तुम्हाला माहीतच नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की माझं मीच बघायचं.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी मला फसवलं गेलं असं वाटायचं थांबत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला या वयात शिकावं लागलं, आणि ते मला आवडलेलं नाही.

मग तिने पुढचं सांगितलं. तिचं आणि जावयाचं ठरलं होतं. गर्भ बाहेर तयार करायचे, तपासायचे, ज्यात हा बदल नसेल तोच ठेवायचा. पहिली खेप फेब्रुवारीत झाली, हाती काही लागलं नाही. दुसरी मेमध्ये करणार. फेब्रुवारीत बायको पंधरा दिवस पुण्याला जाऊन राहिली होती, मला सांगितलं होतं की मुलीला टायफॉइड झालाय. मी रोज फोनवर ताप विचारत होतो आणि ती रोज आकडा सांगत होती. शंभर, नव्याण्णव, पुन्हा शंभर. ते आकडे मी कॅलेंडरवर लिहून ठेवले होते.

बाकीचं सोसता आलं असतं. ते कॅलेंडर मी उतरवून टाकलं.

एप्रिलमध्ये मी पलासियाला जाऊन खूण बदलली. समुपदेशकाकडे दोन बैठका झाल्या, मग डॉक्टरांनी आकडा सांगितला. सदतीस. वडिलांकडून मुलात जाताना तो वाढू शकतो, मॅडम म्हणाल्या. दादाइतका लवकर त्रास होईलच असं नाही आणि होणार नाही असंही नाही. रेघेवर चालताना डावा पाय दोनदा बाहेर पडला होता, हेही डॉक्टरांनी आता दाखवलं. मी मॅडमना एवढंच सांगितलं की दोन्ही गटांचं व्हाउचर आणि शीर्षक एकच करा, कळू नये म्हणणारे आणखी असतील. त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर त्या घरी आल्या नाहीत, दादाला दवाखान्यातच बोलावतात.

बायको म्हणते, आता घरात कोणी काही लपवत नाही. मी तिला खोटं ठरवत नाही. पण ती फोनवर हळू बोलायला लागली की मी उठून त्या खोलीत जातो, आणि ती तिथे मला पाहून आवाज मोठा करते.

मेच्या खेपेसाठी मी मुलीला दोन लाख रुपये पाठवले. ते त्याच दुपारी माझ्या खात्यात परत आले. तिने लिहिलं होतं, “बाबा, पैशांचं आमचं झालंय. खरंच.” जावयाचा फोन आला, तो भला मुलगा आहे, म्हणाला, “बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मी पुन्हा पाठवले नाहीत.

दादाला मी साडेनऊ हजारांचा चेक लिहून दिला.

“हे काय?”

“तपासणीची फी.”

“अरे, मी पोरीला दिले होते. तुला नाही.”

“माझ्या मुलीची तपासणी आहे. माझ्याच पैशांनी व्हायला हवी.”

“झालेली आहे ती,” दादा म्हणाला. चेक घेऊन त्याने तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि आठवडाभर तसाच ठेवला. शेवटी भरणा-पावती मीच भरली, त्याला पेन धरता येत नाही, आणि बँकेत जाऊन त्याच्या खात्यावर जमा केला. संस्थेकडून मला दोन वेळचे मिळून सदतीसशे आले. दादाला साडेनऊ हजार गेले. मुलीने माझ्याकडून काही घेतलं नाही.